नव्या बोल्ट-अॅक्शन रिमफायर रायफलीची अचूकता-चाचणी : एक संख्याशास्त्रीय विवेचन

सारांश

नवी रायफल हाती आल्यावर तिच्यातून पाच गोळ्या झाडून, लक्ष्यपत्रावरील छिद्रांमधील अंतर मोजून तिची अचूकता ठरविण्याची पद्धत सर्वत्र रूढ आहे. प्रस्तुत लेखात ०.२२ इंची बोल्ट-अॅक्शन रिमफायर रायफलीच्या संदर्भात या पद्धतीची संख्याशास्त्रीय तपासणी केली आहे. पाच गोळ्यांचा एक ग्रुप हा अत्यंत लहान नमुना असून त्यावरून दोन रायफलींमध्ये किंवा दोन प्रकारच्या काडतुसांमध्ये विश्वासार्ह निवड करता येत नाही, हे लेखात दाखविले आहे. त्याचबरोबर महाविद्यालयीन पातळीवर करता येण्याजोग्या चाचणीची आखणी मांडली आहे.

बीजशब्द : रिमफायर, बोल्ट-अॅक्शन, ग्रुप, प्रमाण विचलन, नमुना, यादृच्छिकीकरण.

१. प्रस्तावना

पॅरिस ऑलिंपिकमध्ये दि. ३१ जुलै २०२४ रोजी पुरुषांच्या ५० मीटर रायफल तीन स्थिती या प्रकाराची पात्रता फेरी झाली. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसळे याने ६०० पैकी ५९० गुण मिळवून सातवे स्थान पटकावले. पहिले आठ नेमबाज अंतिम फेरीत जातात. याच फेरीत ५८९ गुण मिळविणारा भारताचाच ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर अकराव्या स्थानी राहिला व स्पर्धेबाहेर गेला. दुसऱ्या दिवशी, १ ऑगस्ट रोजी, कुसळे याने अंतिम फेरीत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळविले. त्यापूर्वी २०१० मध्ये म्युनिच येथील जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंत यांनी ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात सुवर्णपदक जिंकले होते. ५० मीटरचे हे दोन्ही प्रकार ०.२२ इंची रिमफायर रायफलीने खेळले जातात.

साठ गोळ्यांमध्ये एका गुणाचा फरक निर्णायक ठरत असेल, तर त्या गोळ्या झाडणाऱ्या साधनाची पारख कशी करावी, हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही. महाविद्यालयांचाही या प्रश्नाशी जवळचा संबंध आहे. राष्ट्रीय छात्र सेनेतील विद्यार्थ्यांचा बंदुकीशी पहिला परिचय बहुधा ०.२२ रायफलीनेच होतो व पाच गोळ्यांच्या ग्रुपवरून त्यांच्या नेमबाजीचे मूल्यमापन होते. एखादा ग्रुप पसरला की दोष रायफलीचा, काडतुसांचा की विद्यार्थ्याचा, याचा निर्णय अनेकदा घाईने दिला जातो. हा निर्णय कोणत्या पुराव्यावर आधारलेला असावा, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. रायफल व काडतूस यांची रचना

रिमफायर काडतुसाच्या पितळी आवरणाच्या बुडाशी बाहेर आलेली पोकळ कड असते. आघाताने पेटणारे मिश्रण या कडेत भरलेले असते. फायरिंग पिन कडेवर आपटली की मिश्रण पेटते व त्यामुळे आतील दारू पेट घेते. ०.२२ लाँग रायफल हे काडतूस अमेरिकेतील स्टीव्हन्स कंपनीने १८८७ मध्ये प्रचारात आणले. त्यातील शिशाच्या गोळीचे वजन सामान्यतः ४० ग्रेन, म्हणजे सुमारे २.६ ग्रॅम असते. सेंटरफायर काडतुसात प्रज्वलनाची टोपी बुडाच्या मध्यभागी असते. ती बदलून व दारू मोजून भरून ते काडतूस पुन्हा वापरता येते. रिमफायर काडतुसाची कड एकदा चेपली की ते निकामी होते. त्यामुळे सेंटरफायरचा नेमबाज आपल्या रायफलीला मानवेल असे काडतूस स्वतः तयार करू शकतो. रिमफायरच्या नेमबाजाला मात्र कारखान्यातून आलेल्या काडतुसांतूनच निवड करावी लागते. चाचणीला येथे विशेष महत्त्व येते ते याच कारणाने.

बोल्ट-अॅक्शन रचनेत बोल्टचा दांडा हाताने उचलून मागे ओढला की रिकामे आवरण बाहेर पडते. तो पुढे सारला की नवे काडतूस नळीच्या मागील कोठीत बसते, आणि दांडा खाली केला की बोल्ट पक्का होतो. गोळी सुटत असताना फायरिंग पिनखेरीज यंत्रणेचा कोणताही मोठा भाग हलत नाही. नळीच्या आतील सर्पिल आट्यांमुळे गोळीला स्वतःभोवती फिरण्याची गती मिळते. ०.२२ रायफलीत या आट्या साधारणतः १६ इंचांत, म्हणजे सुमारे ४०६ मिलिमीटरमध्ये एक फेरा पूर्ण करतात. त्यामुळे सेकंदाला ३२५ मीटर वेगाने सुटलेली गोळी सेकंदाला सुमारे ८०० फेरे या गतीने फिरत असते.

उदाहरणादाखल चेक प्रजासत्ताकातील उहेरस्की ब्रोद येथील सी.झेड. या कारखान्याची ४५७ ही रायफल घेता येईल. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या या मालिकेने आधीच्या ४५५ मालिकेची जागा घेतली. बोल्टचा दांडा ६० अंश उचलावा लागणे, बदलता येणारी नळी व जुळवून घेता येणारा खटका ही तिची वैशिष्ट्ये होत. अशा रायफलीसोबत कारखान्यात घेतलेल्या चाचणीचे एक लक्ष्यपत्र देण्याची प्रथा आहे. त्यावर ५० मीटरवरून झाडलेल्या पाच गोळ्यांची छिद्रे असतात. रायफल तपासून बाहेर पडली, एवढे या पत्रावरून निश्चित समजते. त्याहून अधिक काय समजते, हा या लेखाचा मुख्य प्रश्न आहे.

३. अचूकता आणि सातत्य

सामान्य बोलण्यात 'अचूक रायफल' या शब्दप्रयोगात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. गोळ्यांचा मध्य नेमबिंदूवर येणे ही अचूकता. आणि गोळ्या एकमेकींच्या जवळ पडणे हे सातत्य. रोज बरोबर पाच मिनिटे पुढे जाणारे घड्याळ उपयोगी पडते, कारण त्याची चूक ठाऊक असते व ती दुरुस्त करता येते. कधी पुढे तर कधी मागे जाणाऱ्या घड्याळाला अशी दुरुस्ती लागू पडत नाही. रायफलीचेही तसेच आहे. ग्रुपचा मध्य डावीकडे सरकलेला असेल तर साइटचे स्क्रू फिरवून तो जागेवर आणता येतो. परंतु ग्रुपचा पसारा साइट फिरवून कमी होत नाही. म्हणून नव्या रायफलीच्या चाचणीत प्रथम तपासावयाचे ते सातत्य होय.

पसारा मोजण्याच्या तीन रीती प्रचारात आहेत. पहिली कमाल अंतराची : परस्परांपासून सर्वांत दूर असलेल्या दोन छिद्रांच्या मध्यांमधील अंतर. दुसरी सरासरी त्रिज्येची : ग्रुपच्या मध्यापासून प्रत्येक छिद्राच्या अंतराची सरासरी. तिसरी प्रमाण विचलनाची : आडव्या व उभ्या दिशेतील विखुरणीचे नेहमीचे संख्याशास्त्रीय माप. कमाल अंतर मोजण्यास सोपे असल्याने लोकप्रिय आहे. परंतु पाच गोळ्यांपैकी केवळ दोनच गोळ्या ते ठरवितात व उरलेल्या तीन गोळ्यांनी दिलेली माहिती वाया जाते. अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ फ्रँक ग्रब्ज यांनी १९६४ मध्ये या मापांची पद्धतशीर तुलना मांडली आणि सर्व गोळ्यांचा उपयोग करणारी मापे अधिक भरवशाची असल्याचे दाखविले.

४. एका ग्रुपचा अर्थ

आडव्या व उभ्या दिशेतील चुका परस्परांपासून स्वतंत्र असून दोन्ही प्रसामान्य वितरणानुसार पडतात व दोहोंचे प्रमाण विचलन समान आहे, असे गृहीत धरू. मग एकाच रायफलीच्या ग्रुपचे सरासरी कमाल अंतर गोळ्यांच्या संख्येनुसार कसे बदलते, हे तक्ता क्र. १ वरून दिसेल. ५० मीटरवर प्रमाण विचलन ३ मि.मी. असल्याचे उदाहरणादाखल मानले आहे.

तक्ता क्र. १ : गोळ्यांची संख्या व सरासरी कमाल अंतर
३ गोळ्या : प्रमाण विचलनाच्या २.४१ पट (७.२ मि.मी.)
५ गोळ्या : प्रमाण विचलनाच्या ३.०७ पट (९.२ मि.मी.)
१० गोळ्या : प्रमाण विचलनाच्या ३.८१ पट (११.४ मि.मी.)

रायफल तीच, काडतुसे तीच. तरीही तीन गोळ्यांचा ग्रुप दहा गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरीने एकतृतीयांशाहून अधिक लहान दिसतो. म्हणून गोळ्यांची संख्या न सांगता केवळ ग्रुपचा आकार सांगणे निरर्थक आहे.

दुसरी बाब अधिक महत्त्वाची आहे. पाच गोळ्यांच्या ग्रुपचा आकार सरासरीभोवती बराच हेलकावतो. त्याचे स्वतःचे प्रमाण विचलन सरासरीच्या चतुर्थांशाहून थोडे जास्त असते. उपरोक्त रायफलीतून पाच ग्रुप झाडल्यास त्यांतील सर्वांत लहान ग्रुप सुमारे ६.५ मि.मी. आणि सर्वांत मोठा १२ मि.मी.च्या वर असणे ही अगदी अपेक्षित गोष्ट आहे. नेमबाज यांपैकी लहान ग्रुप जपून ठेवतो व 'रायफलीची खरी क्षमता' म्हणून दाखवितो; मोठ्या ग्रुपसाठी वारा, घाई किंवा खराब काडतूस असे कारण शोधतो. दहा परीक्षांपैकी सर्वोत्तम निकाल तेवढा गुणपत्रिकेत नोंदवावा, तसाच हा प्रकार होय.

सर्व छिद्रांच्या स्थानांवरून प्रमाण विचलनाचा अंदाज काढला, तरी लहान नमुन्याची मर्यादा सुटत नाही. ९५ टक्के विश्वास-पातळीवर खरे मूल्य मोजलेल्या मूल्याच्या किती पटींच्या दरम्यान असू शकते, हे तक्ता क्र. २ मध्ये दिले आहे.

तक्ता क्र. २ : प्रमाण विचलनाच्या अंदाजाच्या ९५ टक्के मर्यादा
५ गोळ्यांचा एक ग्रुप : ०.६८ ते १.९२ पट
१० गोळ्यांचा एक ग्रुप : ०.७६ ते १.४८ पट
५ गोळ्यांचे पाच ग्रुप : ०.८२ ते १.२८ पट
१० गोळ्यांचे पाच ग्रुप : ०.८७ ते १.१७ पट

पाच गोळ्यांवरून विचलन ३ मि.मी. आले, तर खरे मूल्य २ मि.मी. असू शकते व जवळजवळ ५.८ मि.मी.देखील असू शकते. पहिली रायफल उत्कृष्ट व दुसरी सुमार ठरेल. परंतु त्या दोहोंत भेद करण्याचे सामर्थ्य या पाच छिद्रांत नाही. कारखान्याच्या लक्ष्यपत्राचे मूल्यही याच मर्यादेत ठरते. ते पत्र चुकीचे नसते. त्यावर जेवढ्या गोळ्या आहेत तेवढेच ते सांगते.

५. एका मिलिमीटरचे मोल

विचलन ३ मि.मी. की ४ मि.मी., हा भेद व्यवहारात खरोखर महत्त्वाचा आहे काय? आंतरराष्ट्रीय नियमांनुसार ५० मीटर रायफलीच्या लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास १०.४ मि.मी. असतो व गोळीचा व्यास ५.६ मि.मी. असतो. छिद्राने वर्तुळाला स्पर्श केला तरी वरचा गुण मिळतो. अर्थात गोळीचा मध्य केंद्रापासून ५.२ अधिक २.८, म्हणजे ८ मि.मी.च्या आत पडला की दहा गुण मिळतात. त्यापुढे प्रत्येक ८ मि.मी.ला एक गुण कमी होतो.

रायफल आधारावर पक्की धरली आहे व ग्रुपचा मध्य बरोबर केंद्रावर आहे, असे मानल्यास २.५ मि.मी. विचलनाची रायफल व काडतुसे ९९.४ टक्के गोळ्यांना दहा गुण मिळवून देतात. विचलन ३ मि.मी. असता हे प्रमाण ९७.१ टक्के आणि ४ मि.मी. असता ८६.५ टक्के होते. साठ गोळ्यांच्या हिशेबात हे आकडे अनुक्रमे सुमारे ६०, ५८ व ५२ इतके भरतात. पात्रता फेरीत एका गुणाने स्थान हुकते, हे लक्षात घेता एका मिलिमीटरने हुकणारे सहा 'दहा' ही किरकोळ बाब म्हणता येणार नाही.

तथापि प्रत्यक्ष स्पर्धेत नेमबाजाच्या हाताचा कंपही भर घालतो. स्वतंत्र चुकांच्या विचलनांची सरळ बेरीज होत नाही. त्यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ घ्यावे लागते. समजा, एखाद्या कसलेल्या नेमबाजाचे स्वतःचे विचलन ५ मि.मी. आहे. ३ मि.मी.च्या रायफलीसह एकूण विचलन ५.८ मि.मी. व ४ मि.मी.च्या रायफलीसह ६.४ मि.मी. होईल. दहा गुणांचे प्रमाण पहिल्या स्थितीत सुमारे ६१ टक्के व दुसऱ्या स्थितीत ५४ टक्के येईल. म्हणजे साठ गोळ्यांत सुमारे चार 'दहा' कमी मिळतील. आता नवख्या विद्यार्थ्याचे विचलन २० मि.मी. आहे असे समजा. दोन रायफलींसह एकूण विचलन अनुक्रमे २०.२ व २०.४ मि.मी. होईल आणि दहा गुणांचे प्रमाण दोन्ही वेळा साडेसात टक्क्यांच्या आसपासच राहील. याचा अर्थ स्पष्ट आहे. वरच्या पातळीवरील नेमबाजासाठी रायफल व काडतुसे यांची निवड गुण ठरविते. नवख्याच्या बाबतीत मात्र बिघाड नसलेली कोणतीही रायफल पुरेशी असते व खर्च सरावावर करणे हिताचे ठरते. विद्यार्थ्याचा पसरलेला ग्रुप पाहून रायफलीला दोष देणे जितके अयोग्य, तितकेच एका घट्ट ग्रुपवरून त्याला संघात घेणेही अयोग्य होय.

६. विचलनाचे स्रोत

लक्ष्यपत्रावर दिसणारा पसारा एकट्या रायफलीचा कधीच नसतो. त्यात किमान चार घटक मिसळलेले असतात.

(अ) काडतुसे : सेकंदाला ३२५ मीटर वेगाने सुटलेल्या गोळीला ५० मीटर अंतर कापण्यास सुमारे ०.१६ सेकंद लागतात. तेवढ्या वेळात ती गुरुत्वाकर्षणाने सुमारे साडेबारा सेंटिमीटर खाली येते. वेगात एक टक्का फरक पडला तर या पतनात सुमारे दोन टक्के, म्हणजे अडीच मि.मी. फरक पडतो. म्हणून ग्रुप उभा लांबट दिसू लागला की प्रथम वेगातील असमानतेची शंका घ्यावी. स्पर्धेची काडतुसे ध्वनीच्या वेगाहून किंचित मंद ठेवलेली असतात, यालाही कारण आहे. ध्वनीच्या वेगाच्या आसपास हवेचा रोध झपाट्याने वाढतो. त्यामुळे अधिक वेगवान ०.२२ गोळीचा वेग वाटेत जास्त घटतो व बाजूच्या वाऱ्याने ती मंद गोळीपेक्षा जास्त सरकते.

एकाच नावाच्या काडतुसांच्या निरनिराळ्या लॉटमध्येही फरक असतो आणि एका नळीला मानवलेला लॉट दुसरीला मानवेलच असे नाही. इंग्लंडमधील एली व लापुआची जर्मनीतील श्योनेबेक येथील चाचणी-केंद्रे याचसाठी आहेत. तेथे नेमबाज आपली रायफल घेऊन जातो, ती यंत्रात घट्ट बसविली जाते व अनेक लॉट झाडून त्यांतील योग्य तो निवडला जातो. एलीच्या पद्धतीत दहा-दहा गोळ्यांचे चार ग्रुप एकावर एक ठेवून चाळीस गोळ्यांचे एकत्रित चित्र पाहिले जाते. लहान नमुन्यावर विसंबू नये, हा धडा या व्यवसायाने व्यवहारातूनच घेतला आहे.

(आ) वारा : बाजूने येणाऱ्या वाऱ्यामुळे गोळी किती सरकेल, हे हवेच्या रोधामुळे तिला झालेल्या विलंबावर अवलंबून असते. ५० मीटरवर हा विलंब सुमारे ०.००६ सेकंद असतो. म्हणून सेकंदाला एक मीटर इतकी मंद झुळूकही गोळीला सुमारे ६ मि.मी. बाजूला नेते. एवढ्या वाऱ्याने झाडाचे पानही जेमतेम हलते. आडवा लांबट ग्रुप बहुधा वाऱ्याची साक्ष देतो.

(इ) नळी व बैठक : नळी साफ केल्यानंतरच्या पहिल्या काही गोळ्या वेगळ्या ठिकाणी पडतात, गोळीवरील मेणाचा थर नळीत सर्वत्र बसला की ग्रुप स्थिरावतो. वेगळ्या वंगणाची काडतुसे घेतली की हीच क्रिया पुन्हा घडते. नळी व यंत्रणा लाकडी दस्त्याला जोडणारे स्क्रू सैल असतील, किंवा दुर्बिणीची पकड ढिली असेल, तर उत्तम नळीही दोषी ठरते.

(ई) नेमबाज : खटका ओढण्यातील धसका, गाल टेकविण्यातील फरक व नेम धरण्यातील चूक यांचा यात समावेश होतो. पुढे भक्कम आधार, मागे वाळूची पिशवी आणि दुर्बीण वापरल्यास हा घटक बराच कमी होतो; नाहीसा मात्र होत नाही.

७. चाचणीची आखणी

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये ०.२२ रायफलीसाठी परवाना आवश्यक आहे. चाचणी मान्यताप्राप्त रेंजवर, रेंज अधिकाऱ्याच्या देखरेखीखालीच करावी. आरंभी रायफल रिकामी असल्याची व नळीत अडथळा नसल्याची खात्री करावी, स्क्रू उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात आवळावेत आणि नळी एकदा साफ करावी.

गोळ्यांची संख्या चाचणीपूर्वीच ठरवून लिहून ठेवावी. प्रत्येक प्रकारच्या काडतुसांच्या ५० गोळ्या, म्हणजे एक पेटी, हे व्यवहार्य प्रमाण आहे. दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप झाडल्यास विचलनाचा अंदाज साधारणतः पंधरा टक्क्यांच्या आत येतो. विचलन ३ व ४ मि.मी. असलेल्या दोन लॉटची तुलना येथे उद्बोधक ठरेल. त्यांच्या विचलनांच्या वर्गांचे गुणोत्तर १.७८ आहे. दहा-दहा गोळ्यांच्या एकेका ग्रुपवरून हा भेद ५ टक्के पातळीवर मान्य होण्यास गुणोत्तर सुमारे २.२ हून अधिक यावे लागते. म्हणजे खरा भेदही सिद्ध होत नाही. पन्नास-पन्नास गोळ्या असता हीच सीमा सुमारे १.४२ वर येते व भेद उघड होण्याची शक्यता पुष्कळ वाढते. पाच-पाच गोळ्यांच्या एकेका ग्रुपवर निवड सोपविली, तर ढोबळमानाने पाचांत एकदा कमी प्रतीचा लॉटच सरस ठरतो.

क्रमाचा प्रश्नही महत्त्वाचा आहे. सकाळी एका लॉटचे पाचही ग्रुप व दुपारी दुसऱ्याचे पाच ग्रुप झाडले, तर लॉटमधील फरक व वाऱ्यातील फरक यांची गल्लत होते. शेतीच्या प्रयोगांत जमिनीच्या कसातील भेद सांभाळण्यासाठी रोनाल्ड फिशर यांनी रॉथॅमस्टेड येथे गट पाडण्याची व यादृच्छिक क्रमाची पद्धत रूढ केली. तीच येथे लागू पडते. प्रत्येक फेरीत सर्व लॉटचा एकेक ग्रुप घ्यावा आणि फेरीतील क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवावा. लॉट बदलल्यावर नळी स्थिरावण्यासाठी काही गोळ्या वेगळ्या लक्ष्यावर झाडाव्यात व त्या हिशेबात धरू नयेत. शक्य असल्यास कोणता लॉट चालू आहे हे नेमबाजाला सांगू नये. महागड्या काडतुसांविषयीचा विश्वास हातावर परिणाम करतो.

नेमबिंदू आणि गोळ्या पडण्याची जागा वेगळी ठेवावी, म्हणजे नेमाची खूण फाटत नाही. दहा गोळ्या एकाच छिद्रात मिसळल्यास स्थाने वाचता येत नाहीत. अशा वेळी प्रत्येक गोळीसाठी स्वतंत्र खूण असलेले लक्ष्यपत्र वापरून नंतर स्थाने एकत्र मांडावीत. इलेक्ट्रॉनिक लक्ष्य उपलब्ध असल्यास प्रत्येक गोळीची स्थाने थेट मिळतात.

भरकटलेल्या गोळीचा नियमही आधीच ठरवावा. लक्ष्य पाहण्यापूर्वी नेमबाजाने 'ही चुकली' असे सांगितले तरच ती वगळावी. छिद्र पाहिल्यानंतर वगळलेली गोळी ही पुराव्यातील फेरफारच होय.

८. साइटची जुळवणी

सातत्य समजल्यानंतर अचूकतेकडे वळावे. ग्रुपच्या मध्याच्या स्थानातही अनिश्चितता असते. ती प्रमाण विचलनाला गोळ्यांच्या संख्येच्या वर्गमुळाने भागून मिळते. विचलन ३ मि.मी. असता तीन गोळ्यांच्या मध्याची अनिश्चितता १.७ मि.मी. व दहा गोळ्यांच्या मध्याची सुमारे १ मि.मी. असते. ५० मीटरवर एका कोनीय मिनिटाने सुमारे १४.५ मि.मी. अंतर पडते. म्हणून पाव मिनिटाच्या टप्प्याने फिरणाऱ्या दुर्बिणीचा एक टप्पा गोळीला ३.६ मि.मी. हलवितो. मध्य दीड मि.मी. सरकलेला दिसला म्हणून टप्पा फिरविणे हानिकारक ठरेल.

नवख्यांमध्ये प्रत्येक गोळीनंतर साइट फिरविण्याची सवय आढळते. वाणिज्य शाखेतील गुणवत्ता-नियंत्रणाच्या अध्यापकांना यात एडवर्ड्स डेमिंग यांचा नरसाळ्याचा प्रयोग ओळखू येईल. मागील गोळी जितकी चुकली तितकीच उलट दुरुस्ती प्रत्येक वेळी केली, तर विचलनाचा वर्ग दुप्पट होतो व विचलन १.४१ पट वाढते. निर्दोष रायफल केवळ अतिदक्षतेमुळे सदोष भासू लागते.

९. निष्कर्ष

(१) गोळ्यांची संख्या व ग्रुपांची संख्या दिल्याशिवाय रायफलीच्या अचूकतेविषयीचे कोणतेही विधान ग्राह्य धरू नये. सर्वोत्तम ग्रुपऐवजी सर्व ग्रुपांचा एकत्रित अंदाज नोंदवावा.

(२) कमाल अंतरापेक्षा सरासरी त्रिज्या किंवा प्रमाण विचलन ही मापे अधिक माहिती देतात. ती काढण्यास साधे गणनयंत्र पुरेसे आहे.

(३) रिमफायरमध्ये रायफल व काडतुसांचा लॉट यांची चाचणी एकत्रच होते. 'अमुक रायफल अचूक आहे' या विधानाऐवजी 'अमुक लॉटसह अमुक रायफलीचे विचलन इतके आहे' असे विधान करणे शास्त्रशुद्ध होईल.

(४) नवख्या विद्यार्थ्याच्या गुणांवर चांगल्या व उत्तम रायफलीतील फरकाचा परिणाम नगण्य असतो. त्यांच्या एका ग्रुपवरून साधनाविषयी किंवा विद्यार्थ्याविषयी अंतिम मत बनवू नये.

(५) ही चाचणी संख्याशास्त्र, पदार्थविज्ञान, शारीरिक शिक्षण व राष्ट्रीय छात्र सेना या विभागांना एकत्रितपणे राबविता येण्याजोगी आहे. प्रसामान्य वितरण, नमुन्याचा आकार व यादृच्छिकीकरण या संकल्पना विद्यार्थ्याला लक्ष्यपत्रावर प्रत्यक्ष मोजता येतात. त्यासाठी नवी सामग्री विकत घेण्याची गरज नाही. रेंजवर झाडलेल्या गोळ्यांची लक्ष्यपत्रे फेकून न देता तारीख, लॉट व क्रम यांसह जपून ठेवली, तरी पहिले पाऊल पडेल.